मटणाच्या दुकानातला पेशंट

औषधाच्या कंपनीत मी नक्की काय करतो, असं विचारता ना? ऐका. आमचं एक औषध पाण्यात विरघळतच नव्हतं. महिनाभर खपून मी ते साखरेसारखं विरघळवलं. तर ते पाण्यातच इतकं रमलं, की आतड्यातून पुढे रक्तात जाईल की नाही, अशी साहेबांना शंका! तपासायला ताजं आतडं हवं, म्हणून रविवारी सकाळी रोडपालीच्या मटणवाल्या मावशींकडे रांगेत उभा राहिलो.

"मावशी, बोकडाचं आतडं द्या. पण धुऊ नका, कापू नका."

"धुवू नको? मंग खाशील कसा?"

"खायचं नाही. त्यातून औषध पुढे जातंय का, ते बघायचंय."

मावशींचा सुरा थांबला. "बाला, बोकड मेला ना! आता त्याला औषध देऊन काय फायदा हाय?"

मागचे काका दचकले. "म्हणजे बोकड आजारी होता?"

"नाही हो काका, त्याच्या आतड्यात औषध शिरेल का, एवढाच प्रश्न आहे."

हे ऐकून काकांसकट अख्खी रांग चिकनच्या दुकानाकडे वळली.

मावशींनी आतडं पिशवीत कोंबलं आणि माझ्या हातात आदळलं.

"हा घे तुजा पेशंट, नि नीघ हितून!"