पळून आलेलं घर

इबेतोन : मग काय म्हणाले ते म्हातारे? नीट सांग. मी पुढच्या दारी होते, मला नुसतं खोकणं ऐकू आलं.

तोमचौ : आधी खोकलेच. तिघंही. पांढरी धोतरं, पांढऱ्या शाली, मयताला नाहीतर लग्नाला निघावं तसे. तुमच्या अंगणातून निघाले, तुमच्या तुळशीला वळसा घातला, मागल्या दारी आले, आणि माझ्या उंबऱ्यासमोर उभं राहून म्हणाले, "तुमची मुलगी आमच्याकडे आहे. काळजी करू नका."

इबेतोन : आणि तू?

तोमचौ : मी म्हटलं, दिसतेय. तुमच्या ओसरीवर दात घासत होती.

इबेतोन : असं बोलतात का रे? मुलगी पळून गेल्याचा निरोप आला की बापानं भडकायचं असतं. काठी तरी शोधायची.

तोमचौ : भडकू कसा, इचे? थोरल्या बहिणीपाशी खोटं कशाला? पळून गेलेली मुलगी आणि मी एकाच घरातून आलो. एकाच वाऱ्यानं. कोंबड्यासुद्धा होत्या.

लिंथोई : बाबा, मी पळून आलेली नाही. मी झोपले होते. घर पळालं.

इबेतोन : हे तू म्हाताऱ्यांना सांग, लिंथोई. मोइरांगच्या रिवाजात घर पळत नाही. मुलगी पळते, मुलाच्या घरी रात्र काढते, सकाळी मुलाकडचे वडीलधारे जाऊन तिच्या बापाला कळवतात. झालं. ती सून.

लिंथोई : मी अर्धीच रात्र काढली. तीपण ओसरीवर.

इबेतोन : अर्ध्या रात्रीची सून अर्धी होत नाही, बाई.

तोमचौ : चूक माझी. चारही बांबू मीच रोवले होते. वारा असा सुटला की घराखालचा गवताचा फुम गदागदा हलायला लागला आणि एकेक बांबू दात पडावा तसा निघून आला. मग अख्खं तळं ओलांडेपर्यंत मी दारात वल्हं घेऊन बसलो.

लिंथोई : वल्हवत होता.

तोमचौ : नाही. एवढं मोठं गवताचं बेट, वर घर, वल्ह्यानं काय होतंय? हातात काहीतरी असलं की बरं वाटतं.

इबेतोन : मी आपली धडधड ऐकून मागलं दार उघडलं. रोज दार उघडलं की समोर तळं असतं. काल समोर दार. आणि त्या दारात कुणीतरी कंदील घेऊन माझ्याकडे बघतंय. मला वाटलं, मीच गेले आणि मला न्यायला आले.

तोमचौ : मी होतो.

इबेतोन : ते नंतर कळलं. तुझी कोंबडी माझ्या पायावर उतरली तेव्हा. आणि ही पोर, छप्पर उडालेलं, गारठून निळी पडलेली. मीच मूर्ख. म्हटलं, ये ग, ओसरीवर ये, घोंगडं घे. मला काय माहीत की म्हातारे ओसरीसुद्धा धरतात.

लिंथोई : पण इमा, तुमचा मुलगा बंगळुरूला आहे.

इबेतोन : घर त्याचंच आहे ना.

लिंथोई : म्हणजे जो घरात नाही त्याच्याबरोबर मी पळाले.

इबेतोन : सकाळीच फोन लावला मी नाओचाला. मोमो वळत होता हॉटेलात. म्हटलं, बाळ, तुझी बायको आलीये. म्हणाला, "कोण?" म्हटलं, लिंथोई, तळ्यावरच्या तोमचौची. म्हणाला, "कधी झालं हे?" म्हटलं, मध्यरात्री. मग म्हणाला, "इमा, आत्ता गिऱ्हाईक आहे."

तोमचौ : "नाही" असं तर म्हणाला नाही.

इबेतोन : "हो" असंही म्हणाला नाही. आणि पाठीमागं एक बाई हसत होती. गिऱ्हाईक असेल. पण गिऱ्हाईक एवढं ओळखीचं हसत नाही. काय ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. माझंही तिकडं काही चालत नाही, तोमचौ.

लिंथोई : आणि मी नाही म्हटलं तर? पळून जायचंच असेल तेव्हा मी माझ्या पायानं जाईन. माणूस बघून जाईन. निदान घरी असलेला.

इबेतोन : नाही म्हटलंस तर घर हलवा म्हणतील. या काठाला आळीचेच लोक राहतात, नाहीतर आळीचे सोयरे. तळ्यावरची माणसं एकदा टेकली की उठत नाहीत असं म्हणतात ते. मी नाही म्हणत. म्हणजे बाजारात सगळ्या म्हणतात तेव्हा मान हलवते. दुपारची जेवणं झाली की येतील उत्तर घ्यायला.

तोमचौ : इंजिनाची होडी आणून ओढून न्यायचं म्हटलं तर फाटेल. एका टोकाला दोरी बांधायची आणि तेवढंच टोक घरी न्यायचं. गेल्या वर्षी एकाचं असंच झालं. चूल गावाला गेली, माणूस तिथंच.

इबेतोन : एवढा पातळ झालाय तुझा फुम?

तोमचौ : एक मागू का, इचे?

इबेतोन : तुझं घर माझ्या चुलीपर्यंत आलंय. आता काय मागायचं राहिलंय?

तोमचौ : इथं पाणी कमरेएवढंच आहे. मी वल्हं घालून बघितलं. दोन बांबू रोवू द्या. पाऊस लागेपर्यंत. फुम उपाशी आहे.

लिंथोई : म्हैस असल्यासारखं सांगतोय.

तोमचौ : तसंच असतं ते. पूर्वी थंडी सरता सरता लोकताक तळ्याचं पाणी उतरायचं. फुम खाली चिखलावर बसायचा, मुळं घालून पोटभर खायचा, आणि पावसात ढेकर देत वर यायचा. माझ्या बापाच्या वेळी पुरुषभर जाड होता. त्यावर बापानं दुधी लावला होता, लग्नाच्या पंगती बसवल्या होत्या. मग खाली बंधारा घातला, दरवाजे लावले, विजेसाठी तळं बारा महिने भरून ठेवलं. तेव्हापासून त्याला बसायलाच मिळालं नाही. तरंगतोय आपला. तरंगून कुणाचं पोट भरलंय? आता कोंबडीनं उडी मारली की फळीवरचे डबे वाजतात.

इबेतोन : आणि त्या विजेचं तोंड तरी दिसतं का? आमच्या तळ्यातून निघते आणि परस्पर पुढं जाते. काल वारा सुटल्यापासून मी मेणबत्तीवर आहे.

तोमचौ : इथं दोन महिने चिखलाला टेकला तर जगेल. खोल पाण्यात अजून एक असा वारा नाही सोसणार.

इबेतोन : इथं बांबू नाही रोवायचा.

तोमचौ : का, इचे?

इबेतोन : भात आहे इथं.

लिंथोई : कुठं?

इबेतोन : खाली. होता. तुझी चूल आहे ना, ती आमच्या मोठ्या वाफ्यावर आहे. कोंबड्यांचं खुराडं बांधावर. तू आत्ता बसलायस ना तोमचौ, तिथं माझ्या सासूचं आणि माझं पहिलं भांडण झालं. लावणी चालू होती. मी नवी नवरी.

तोमचौ : मी सरकून बसू का?

इबेतोन : बस रे. लढाईत फौज आली, इथं झेंडा लावला, विमानं घिरट्या घालत होती, त्या वर्षीही या शेतात भात झाला होता. आजेसासरे सांगायचे, अर्धा फौजेनं खाल्ला, अर्धा आम्ही. युद्धाला जे जमलं नाही ते बंधाऱ्याच्या दरवाज्यांनी केलं. एका पावसाळ्यात पाणी आलं. आम्ही म्हटलं, उतरेल. दरवर्षी येतंच की. ते हे पाणी. अजून तेच आहे.

लिंथोई : मग आता शेत कुठं राहिलं, इमा?

इबेतोन : असं नाही बोलायचं. नाओचाचे वडील होते तोवर दर फाल्गुनात होडी घेऊन जायचे आणि पार पलीकडच्या बांधावर उभे राहायचे. छातीएवढ्या पाण्यात. शेजाऱ्यानं बांध सरकवू नये म्हणून.

लिंथोई : शेजाऱ्याचं शेतही पाण्यातच ना?

इबेतोन : म्हणून काय झालं? तो माणूस पाण्याखालूनही सरकवेल असा आहे. एकदा हे दोघे तिथंच मारामारीवर आले. दोघांनाही पोहता येत नव्हतं, म्हणून थांबले.

तोमचौ : मी शेत मागत नाही. बांबूला जागा मागतो.

इबेतोन : तेच तर. आळीत ठरलंय, पाणी उतरेल त्या दिवशी ज्याचा बांबू उभा असेल त्याची जमीन. म्हातारेच म्हणालेत. तू चांगला आहेस, तुझ्या मनात नाही. पण बांबूच्या मनात काय आहे ते कोणी विचारणार नाही.

तोमचौ : मग दोरी बांधू? तुमच्या घराच्या खांबाला?

इबेतोन : खांबाला मुलीच्या बापाची दोरी बांधली की सोयरीक पक्की. हेही त्यांचंच.

लिंथोई : असं कुठं असतं?

इबेतोन : आज सकाळी ठरलं. तिघं तुळशीपाशी उभे राहून बोलत होते.

लिंथोई : मग तिसरं काहीतरी. इमा, बाबा तुमचं कूळ आहे म्हणा. शेत अर्धलीनं करतो म्हणा. कुळाला शेतावर राहता येतं ना?

इबेतोन : येतं.

लिंथोई : मग झालं की! बांबूही तुमचाच, रोवला फक्त बाबानं.

तोमचौ : मासे निम्मे देईन. गवतही निम्मं. गवत भरपूर आहे.

इबेतोन : पोरगी हुशार आहे तुझी. कॉलेजात जाते ना?

तोमचौ : रोज होडीनं. वारा असला की निम्मे दिवस बुडतात. कॉलेजचे.

लिंथोई : इमा, विषय बदलू नका. म्हणाल ना?

इबेतोन : कूळ आहे म्हटलं की ते विचारतील, कुठल्या शेताचं? ते शेत आता सरकारी कागदात तळं आहे. तळ्याला कूळ नसतं.

लिंथोई : सगळ्यांना माहीतच आहे की ते.

इबेतोन : माहीत आहे. पण आजवर मला तोंडावर कुणी विचारलेलं नाही, की इबेतोन, तुझं शेत कुठंय? मीही कुणाला विचारलं नाही. त्या तिन्ही म्हाताऱ्यांची शेतं तिथंच आहेत, माझ्या पलीकडे, ओळीनं. सगळी आळी रोज सकाळी या पाण्याकडे बघून म्हणते, यंदा उतरेल. मी कूळ म्हटलं की एकाला तरी विचारावं लागेल. एकाला विचारलं की सगळ्यांना उत्तर द्यावं लागेल. ते माझ्यानं नाही व्हायचं, बाळ. मला शिव्या दे हवं तर.

लिंथोई : शिव्या कशाला देऊ.

तोमचौ : ती देत नाही. तिची आई द्यायची.

(वारा फिरतो. तोमचौचं घर हातभर मागं सरकतं.)

तोमचौ : इचे, तुमचं दार लांब चाललंय.

इबेतोन : दार कसलं? तू चाललायस!

लिंथोई : बाबा! थांब, मी आले.

तोमचौ : येऊ नकोस! फुमच्या कडेला पाय ठेवू नकोस, तिथं नुसतं गवत आहे, खाली काही नाही. तू राहा तिथंच. ओसरीवर बस.

लिंथोई : आणि तू?

तोमचौ : मी बघतो.

लिंथोई : काय बघतोस? वल्हं घेऊन बसशील ना परत?

तोमचौ : लिंथोई, ऐक. म्हातारे आले की सांग, बाप हो म्हणाला.

लिंथोई : कशाला हो?

तोमचौ : त्यांना हवं त्याला. काठाला असशील. कॉलेज चालत जाण्याएवढं आहे. नवरा लांब आहे हेही काही वाईट नाही. घर बुडालं तर तू त्यात नसलेली बरी, एवढंच मला कळतं. दुसरं काही सुचत नाही.

लिंथोई : मला विचारलंस?

तोमचौ : नाही विचारलं. विचारायला वेळ पाहिजे, मी चाललोय.

इबेतोन : तोमचौ! ती दोरी फेक.

तोमचौ : खांबाला?

इबेतोन : खांबाला हात लावायचा नाही. माझ्याकडं फेक. अरे, माझ्याकडं! कोंबडीकडं नव्हे!

लिंथोई : आली. धरली. इमा, आता कशाला बांधायची?

इबेतोन : कशाला नाही. हातात धरायची.

लिंथोई : एवढं घर?

इबेतोन : बाजारात मी टोपलीभर मासे डोक्यावर घेऊन दिवसभर उभी राहते. तू मागनं माझ्या कमरेला धर. पाय रोव. अशी.

तोमचौ : इचे, हाताचा काही रिवाज आहे का त्यांचा?

इबेतोन : अजून नाही. येतील, बघतील, मग ठरवतील. तोवर हा नुसता हात आहे.

लिंथोई : पण जेवून यायला त्यांना उशीर होईल.

इबेतोन : म्हातारे सावकाश चावतात.

तोमचौ : आणि तोवर वारा पडला नाही तर? इचे? किती वेळ धराल?

इबेतोन : बोलू नकोस, तोमचौ. बोललास की घर जड लागतं.