बंद पडलेलं झेरॉक्स मशीन

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आणि अवघडून बसलेल्या आपल्या सत्कारमूर्ती ताई, आणि मागे दाराशी उभं राहून चहाचा अंदाज घेणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

ताईंनी मला आधीच बजावलंय, "फार कौतुक केलंस तर उठून जाईन." म्हणून गुणगान बाजूला ठेवते आणि झेरॉक्स मशीनबद्दल बोलते.

आपलं अभ्यास मदत केंद्र जिन्याखालच्या खोलीत. अवघड विषय तिथे फुकट शिकवतात. पण त्या दारातून आत जायचं म्हणजे 'मी ढ आहे' असं स्वतःच जाहीर करायचं! कोण जाणार? म्हणून ताईंनी दारावर पाटी लावली, 'झेरॉक्स'. चुकून एखादे प्राध्यापक खरंच प्रती काढायला आलेच, तर त्यांना समोरच्या दुकानात पिटाळायच्या.

चौदा वर्षांपूर्वी मी त्या दारात उभी होते. संख्याशास्त्रात दोनदा नापास. हातात प्रवेश रद्द करण्याचा अर्ज. घरी कुणाला पत्ता नाही. ऑफिसला दोन प्रती हव्या होत्या.

"मशीन बंद पडलंय गं," ताई म्हणाल्या. "मेकॅनिक येतोय. बस तोवर. विषय कोणता?"

"जाऊ द्या हो. माझ्या डोक्यात शिरतच नाही."

"शिरेल कसं? पेन बॅगेत ठेवलंयस. काढ आधी!"

ताई स्वतः कधी पेन हातात धरत नसत. चुकलं की नुसतं "हं?" म्हणायच्या. त्या "हं?"ची मला परीक्षेपेक्षा जास्त धास्ती होती.

मेकॅनिक काही आला नाही. तीन महिने आला नाही! मी रोज चौकशीला जायची आणि चार गणितं सोडवून परतायची. अर्ज कुठे राहिला, याचं भानच उरलं नाही. पास झाले, त्याच विषयात पुढे शिकले आणि आज सकाळी ताईंच्या जागी त्याच खोलीची किल्ली हातात घेतली.

म्हटलं, आधी हे धूड दुरुस्त करून घेऊ. मागे वाकून बघते तर काय, प्लगच काढलेला! लावला, तर मशीन सुरू. अगदी झकास चालतंय हो! कागदाचा ट्रे ओढला, तर आत प्रवेश रद्द करण्याच्या अर्जांचा गठ्ठा. त्यात माझाही होता.

ताई, खाली बघू नका. त्या दिवशी मशीन चालू असतं, तर मी आज इथे नसते.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही कमीअधिक झालं असेल तर पोटात घाला. कुणाला लेखी तक्रार करायची असेल तर जरूर करा, पण प्रती काढायला माझ्याकडे येऊ नका. प्लग मी पुन्हा काढून ठेवलाय.