अर्थिंगचा बोल्ट

जरीपटक्याच्या गॅरेजात स्कूटरसाठी थांबलेल्या कामिनीच्या कानावर शेजारच्या जुन्या स्पोर्ट्स कारपाशी चाललेलं बोलणं पडलं.

“ताई, ब्रेक दाबला का इंडिकेटर लुकलुकते. सारी वायरिंग बदलून टाकतो.”

“एकही वायर तोडाची नाही, मिस्त्री. बाबांनी हातानं टाकली आहे.”

“बाबा तर गेले नं, ताई.”

“म्हणूनच. दादानं गिऱ्हाइकाले दाखवाले गाडीले रंग मारला, तो अर्थिंगच्या बोल्टखाली जाऊन करंट अडवत असन. खरवडा.”

“तुमाले कसं माहीत?”

“बाबा वायरिंग करत, तवा टॉर्च मीच धरत होती.”

“खरवडला. दाबा ब्रेक. लागले नं मागचे दोन्ही लाल लाईट! आता दादाले चांगला भाव भेटन.”

“दादाले सांगजा, गाडी मी घेऊन चालली. मागं येशीन तर लाल लाईट दिसन म्हणा.”