दमलेला खेळाडू

कारखान्यात फुटबॉलवर भाषण झालेलं तुम्ही कधी ऐकलंय का? बीरगांवला बाबांच्या कारखान्यात झालं. तिथले मालक आमच्या मुलींच्या टीमला जर्सी देतात. आम्ही कप जिंकलो, तेव्हा त्यांनी आमच्या कोच भैयांना बोलावलं. म्हणाले, "हमारे लोगों को भी जीतने का राज़ बताइए."

आम्ही जर्सी घालून मागे उभ्या होतो. भैया रंगात आले. "दमलेल्या खेळाडूला मैदानात ठेवू नका. लगेच बाहेर घ्या, ताजा आत पाठवा. त्याच्यावर दया केली की गोल खाल्लाच समजा."

मालकांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. बाबाही वाजवत होते, मधूनमधून खोकत.

सोमवारी बाबा दुपारीच घरी परतले. भट्टीवर त्यांच्या जागी दुसरा माणूस लागला होता.

आईनं विचारलं, "काहून?"

"भैयाचं भाषण लय आवडलं मालकाले," बाबा म्हणाले.

संध्याकाळी भैया धावतच आले. "काका, मी तसं नव्हतो म्हणलो! मी पोट्टीले बाहेर घेतो, दम खाऊ देतो, पाणी पाजतो अन् परत आत पाठवतो. विचारा हिले!"

मी मान हलवली. ते खरंच तसं करतात.

बाबांनी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

"ते लहान पोरींच्या मॅचमध्ये, भैया. मोठ्यांच्या मॅचमध्ये बाहेर गेला, तो गेला."