बंगले की स्टुडिओ

काकू: अहो, मागं रांग वाढत चाललीय. बंगले की स्टुडिओ, एकदाचं काय ते ठरवा.

काका: माझं ठरलंय. बंगले.

तिकीटवाली: छान! ताऱ्यांचे बंगले, दोन तिकिटं. एसी बस, गाईड, पाण्याची बाटली, सगळं त्यात आलं. फक्त एक आधीच सांगते काका, स्टुडिओची बसही आत्ताच सुटते. दोन्ही सहली एकदम जमायच्या नाहीत. आणि एकदा तिकीट फाडलं की मला बदलून देता येत नाही.

काका: यात त्या डॉक्टरताईचं घर येतं ना?

तिकीटवाली: येतं म्हणजे काय! निम्मी बस तिच्यासाठीच भरते. मालिकेत डॉक्टरीण झाल्यापासून तिचं खरं नाव विसरलेत लोक. तुम्ही पण तिचे फॅन वाटतं?

काका: छे. हिला हौस.

काकू: वा! उजाडायच्या आत दाढी करून तयार कोण बसलं होतं? आणि हौस म्हणे माझी.

काका: ती बाहेर येते का?

तिकीटवाली: खोटं कशाला बोलू? क्वचित. आलीच तर गॅलरीतून हात करते. आपली बस रस्त्याच्या पलीकडं थांबते. खाली उतरायला बंदी आहे, काचेतूनच बघायचं. एक मिनिट हं, हा फोन घेते. तोवर बोलून घ्या तुम्ही.

काकू: ऐकलंत? पोटच्या पोरीला काचेतून बघायचं. तिकीट काढून.

काका: हळू बोल. जगाला ऐकवू नकोस.

काकू: मी कालपासून सांगतेय, सरळ फाटकाशी जाऊ नि घंटा वाजवू.

काका: आणि पहारेकऱ्यानं विचारलं, कोण तुम्ही, तर? इतक्या वर्षांत दोन ओळींची चिठ्ठी नाही तिची.

काकू: तुमची गेली होती?

काका: मला तिच्याशी बोलायचं नाहीये. नुसतं बघायचंय.

काकू: तुमचं बघणं उरलंय किती? एक डोळा गेलाच. दुसऱ्याचं उद्या ऑपरेशन, नि हमी कोणी देत नाही.

काका: म्हणून तर आज आलोय ना!

काकू: मग ऐका माझं. इथली पाटी तुम्हाला वाचता आली नाही, मघाशी मला विचारलंत. रस्त्यापलीकडच्या गॅलरीत ती उभी राहिली काय नि वाळत घातलेली चादर लोंबली काय, तुम्हाला दोन्ही सारखंच. स्टुडिओत निदान आत सोडतात. ती बसते ती खुर्ची, ती हात ठेवते ते टेबल, सगळं हाताच्या अंतरावर. जवळचं दिसतं ना तुम्हाला अजून?

काका: घड्याळ नाही, नि नुसता पट्टा बघून येऊ?

काकू: लांबून घड्याळाचा ठिपका बघण्यापेक्षा पट्टा बरा. इतकी वर्षं तुमचं ऐकलं. आज माझं ऐका.

काका: ...विचार तिला. काय काय दाखवतात ते विचार.

तिकीटवाली: हं, झाला फोन. काय ठरलं मग?

काकू: पोरी, स्टुडिओच्या सहलीत डॉक्टरताईचं काय बघायला मिळतं?

तिकीटवाली: तिचा सगळा दिवाणखाना! मालिकेतला, आहे तस्सा. सहलीच्या वेळी शूटिंग दुसऱ्या मजल्यावरच्या सेटवर असतं, त्यामुळं ती स्वतः नाही भेटणार. पण सोफ्यावर बसून फोटो काढता येतो. हे माहितीपत्रक बघा, पहिल्याच पानावर आहे. टीव्हीवर ओळखीचा झालाच असेल तुम्हाला.

काका: आमच्याकडे टीव्ही नाही.

काकू: आहे. ह्यांनी त्याचं तोंड भिंतीकडं करून ठेवलंय, शिक्षा केल्यासारखं.

तिकीटवाली: अगं बाई! मग मालिका कधीच नाही बघितली?

काकू: बघितली नाही. ऐकते. शेजारणीची खिडकी आमच्या खिडकीला लागून आहे. रोज आठ वाजता तिचा आवाज येतो. 'आई' म्हणून हाक मारते ना कुणालातरी, ती तर रोज येते. हे पण नेमके तेव्हाच खिडकीत येऊन बसतात. म्हणे वारा चांगला येतो.

काका: येतो वारा. तू ते पत्रक बघ.

काकू: बघतेय. सोफा आहे निळा. दिवा आहे. कपाटात पुस्तकं...

काका: पुढं?

(काकू पत्रकाची घडी घालते.)

काका: काय झालं? गप्प का झालीस?

काकू: काही नाही. पोरी, बंगल्यांचीच दोन तिकिटं दे.

काका: आँ?

काकू: बंगलेच बरे. तुम्ही म्हणत होतात तेच बरोबर.

काका: तीस वर्षांत माझं एकदाही बरोबर निघालं नाही, ते आत्ता निघालं? काय आहे त्या कागदावर?

काकू: सोफा आहे. सोफा काय बघायचा? आपल्याकडे आहे की.

काका: आपल्याकडे सोफा कधी होता?

तिकीटवाली: काकू, स्टुडिओ सोडू नका, खरंच सांगते. त्या खोलीत लोक रडतात अक्षरशः. तो भिंतीवरचा फोटो आहे ना, त्याच्यासमोर.

काकू: पोरी, तू तिकिटं फाड गं.

काका: थांब. कुठला फोटो?

तिकीटवाली: डॉक्टरताईच्या आई-वडिलांचा. मालिकेत ती अनाथ आहे ना. लहानपणीच दोघं वारले तिचे. रोज घरी आली की त्या फोटोशी बोलते. 'आई' ही जी हाक ऐकता ना काकू, ती त्या फोटोलाच मारते ती.

काका: दे तो कागद.

काकू: तुम्हाला नाही दिसायचं. एवढासा तर आहे. अहो, चष्म्यानं काही उपयोग नाही, राहू द्या.

काका: चष्म्यानं नाही दिसलं तर नाही.

(तो खिशातून घड्याळं दुरुस्त करायचं भिंग काढून डोळ्याला लावतो आणि कागद नाकाशी नेतो.)

काका: ही आपली पाटी आहे.

काकू: चला बाजूला. माणसं बघतायत.

काका: आपल्या दुकानाची पाटी. त्याखाली काचेत मोठं घड्याळ. हा मी. ही तू, नवा चप्पल-जोड घालून उभी आहेस. दुकान उघडलं त्या दिवशीचा. हा फोटो ती गेली त्या दिवशी भिंतीवरून गेला. मला वाटलं होतं, रागानं फोडला नि कचऱ्यात टाकला तिनं.

काकू: मला माहीत होतं फोडला नसणार.

काका: याहून फोडला असता तर परवडलं असतं! जिवंत आई-बाप भिंतीवर टांगले. वर गाईड ठेवलेत, मेले म्हणून सांगायला. आणि लोक तिकीट काढून येतात, आमच्यासमोर उभं राहून रडून जातात!

काकू: ओरडू नका.

काका: का नको ओरडू? मेलेल्या माणसाला कोण अडवतंय?

काकू: तुम्हीच म्हणाला होतात.

काका: काय?

काकू: नटी व्हायला म्हणून ती पिशवी घेऊन दारात उभी होती. तुम्ही डोळ्याचं भिंगही काढलं नाहीत. कोणाचं तरी घड्याळ उघडून बसला होतात. म्हणालात, जायचंय तर जा, आम्ही तुला मेलो असं समज. मी तिथंच उभी होते. 'आम्ही' म्हणालात. मला विचारलंही नाहीत, नि मलाही मारून टाकलंत.

काका: ...रागात बोलतो माणूस.

काकू: आणि पोर आयुष्यभर ते ऐकते.

तिकीटवाली: काका... काकू... मला जरा तो कागद द्या ना परत.

काकू: घे. नि माफ कर हं पोरी, तुझा वेळ खाल्ला आम्ही. चला हो.

तिकीटवाली: थांबा. अहो, हे तुम्हीच आहात. नाक तेच, उभं राहायची तऱ्हा तीच. मी रोज हा कागद वाटते नि कधी नीट बघितला नाही. काका, मी काय बोलून बसले! मला खरंच...

काका: तुझी काय चूक? तुला शिकवलंय ते सांगितलंस.

तिकीटवाली: मग न शिकवलेलं सांगते. आमचे गाईड लोक दुपारी जेवताना बोलतात ते. तो फोटो स्टुडिओवाल्यांचा नाहीच. तो तिनं स्वतः आणला, पहिल्या दिवशी, पिशवीतून. मध्ये एकदा सामान लावणाऱ्यांनी तो काढून दुसरा लावला. म्हणाले हा फार जुनाट दिसतो, साहेबी थाटाचे आई-वडील हवेत. त्या दिवशी तिनं काम केलं नाही. दिग्दर्शक हात जोडून थकला. म्हणाली, तो फोटो परत येईपर्यंत मी कॅमेऱ्यासमोर उभी राहणार नाही.

काका: कशावरून? उगाच आमच्या समाधानासाठी बोलतेस.

तिकीटवाली: माझ्या आईची शप्पथ. आणि दुसरं. मालिकेत तो फोटो कधी जवळून दाखवत नाहीत. तिची अटच आहे तशी. म्हणते, लांबून दाखवा, नाहीतर धूसर करा. त्यांचे चेहरे घराघरांत टीव्हीवर नकोत. आम्ही म्हणायचो काय बाई नखरे! आत्ता कळतंय मला.

काकू: म्हणून शेजारीणही कधी काही बोलली नाही. तिला दिसलंच नसणार.

तिकीटवाली: आणि त्या खोलीतल्या प्रत्येक शॉटच्या आधी ती उठते नि आधी तो फोटो सरळ करते. सगळे हसतात तिला. एवढी मोठी नटी, मेकअप खराब झाला तरी चालेल, पण फोटो सरळ पाहिजे.

काका: वाकडाच राहतो तो.

तिकीटवाली: काय म्हणालात?

काका: फोटोच्या मागची टांगायची कडी मधोमध नाही. मीच बसवली होती, घाईत. अर्ध्या मिलिमीटरचं चाक बसवणारा मी, नि घरच्या फोटोची कडी बाजूला गेली. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी सरळ करायचो. ती मागून म्हणायची, बाबा, लोकांची घड्याळं नीट करता, आपलं कधी करणार? फार बोलायची. दिवसभर टिकटिक चालायची तिची. मी टिकटिकच म्हणायचो तिला.

काकू: उद्या करतो, म्हणायचे हे. रोज.

तिकीटवाली: काका, मी सेटवर फोन लावते. आमचा माणूस असतो तिथं. सांगते त्याला.

काका: काय सांगशील? मेलेले आलेत म्हणून?

तिकीटवाली: तुम्ही म्हणाल ते सांगेन.

काका: नको. तिथं सगळ्या लोकांसमोर तिची फजिती. आई-बाप जिवंत निघाले म्हणजे मालिकेचा विचका. नको.

काकू: मालिकेचा विचका! अहो, आता तरी खरं बोला. भीती वाटतेय तुम्हाला. ती बाहेर आली नाही तर काय, याची.

काका: वाटतेय. हो, वाटतेय भीती. बास?

काकू: मलाही वाटतेय. पण उद्या त्या टेबलावर तुम्ही आडवे झाल्यावर मला काय काय वाटणार आहे, त्यापुढं ही काहीच नाही. पोरी, दोन तिकिटं. कुठली ते ह्यांना विचार.

तिकीटवाली: काका? बसवाला हॉर्न देतोय.

काका: ...स्टुडिओची दे. आणि लाव फोन.

तिकीटवाली: लावते, लावते. हॅलो, तिकीट खिडकीवरून बोलतेय. डॉक्टरताईंना एक निरोप द्यायचाय. नाही रे, फॅन नाहीत. तुला सांगते ते ऐक... काका, तो विचारतोय, कोण आलंय म्हणून सांगू?

काका: सांग... सांग, कडी वाकडी बसवणारा आलाय. बरोबर तिची आई आहे.

तिकीटवाली: ऐकलंस? शब्द बदलू नकोस हं. कडी वाकडी बसवणारा. हो, एवढंच. तिला कळेल. ...काका, शॉट चालू आहे. संपला की सांगतो म्हणाला. ही घ्या तिकिटं, डावीकडची निळी बस. आणि सोफा सोडून तिथं कशाला हात मात्र लावायचा नसतो बरं का, नियम आहे. गाईड ओरडेल.

काकू: अहो, खिशात काय शोधताय आता?

काका: घड्याळाचे स्क्रू फिरवायचा बारका पेचकस आणलाय मी. सवयीनं खिशात असतो. गाईडची नजर चुकवून पाच मिनिटांत कडी मधोमध घेतो. तिचा रोजचा त्रास संपेल.

काकू: द्या तो इकडं.

काका: का?

काकू: फोटो वाकडाच राहू द्या. सरळ बसला तर ती आपल्याला हात कशाला लावेल?