तिकडची हाक

(घाना देशाच्या उत्तरेला, टुमूजवळचं अंगण. आत हालुतीचं प्रेत. बाहेर तिची मुलगी हाजोंग, मुलगा दुबिए आणि कुमासीहून आलेला तिचा भाऊ बालुरी.)

दुबिए : मामा, ऊन चढलंय. झायलोफोनवाले खोळंबलेत. माहेरच्या माणसानं हाक घातल्याशिवाय बाईला उचलता येत नाही, हे काय आम्ही सांगायचं?

बालुरी : थांब की रे जरा!

दुबिए : सकाळपासून थांबलोयच. ज्वारीची दारू, पितो, प्यायला तोंड उघडतं, हाक घालायला नाही!

हाजोंग : दुबिए, तू बाहेर जा बरं. जा म्हणते ना! ...मामा, काय झालं? आईवर राग आहे का?

बालुरी : राग कसला गं पोरी. मला येत नाही.

हाजोंग : काय येत नाही?

बालुरी : हाक. आमच्या पासाली बोलीतली. चाळीस वर्षं कोकोच्या मळ्यात काढली, तिथं सगळं बोलणं ट्वी भाषेत. आत्ता आत जाऊन बसलो, तर तिचं लहानपणचं नाव तेवढं आठवलं. पुढं जीभच वळेना.

हाजोंग : मग तुमच्या गावाहून, फुन्सीहून कुणाला तरी आणू. मोटारसायकल पाठवते.

बालुरी : कुणाला आणशील? तिकडं कुणी वारलं की हाक घालायला हालुतीलाच बोलावणं यायचं. तिच्यामागं हाक येणारं कुणी नाही.

हाजोंग : आम्हाला का नाही शिकवलं तिनं?

बालुरी : बोलायला लागली की तुझ्या आज्या हसायच्या. तुम्ही पोरंही हसायचा. मग गप्प झाली.

हाजोंग : मामा, असं नका हो बोलू... आमच्या टुमूच्या बोलीत घाला ना हाक. मी सांगते शब्द. आईला कळेल की.

बालुरी : तिला कळेल. जन्म गेला तिचा इथं. पण हाक तिला नसते गं. तिच्या वर गेलेल्या आईबापाला असते, लेकीला न्यायला या म्हणून. ती माणसं कधी फुन्सीबाहेर गेली नाहीत. त्यांना तुमचं काय कळणार?

दुबिए : (बाहेरून) मामा! काय सांगू यांना?

बालुरी : वाजवा म्हणावं.

हाजोंग : आणि हाक?

बालुरी : तू चल माझ्याबरोबर आत. तुमच्या बोलीत तिला समजावून सांग. म्हणावं, कुणी न्यायला येणार नाही, वाट बघू नकोस.