घरोघरी खुर्ची

मागासपण मोजणं सोपं नाही, राव. नव्वदच्या दशकात आंबेगावच्या डोंगरातल्या एका वाडीत सर्वेक्षणाला साहेब आले होते, वाट दाखवायला मी बरोबर. प्रत्येक घरी साहेबांना बसायला खुर्ची मिळाली, आणि त्यांनी त्या घराच्या नावावर खुर्ची लिहिली.

काही महिन्यांनी ते निकाल सांगायला आले आणि खुर्चीत बसले. “खाली कळंबला आहेत तशा तुमच्याही घरोघरी खुर्च्या आहेत. वाडी मागासात बसत नाही. पाण्याची योजना मिळणार नाही.”

म्हातारा कोंडाजी म्हणाला, “घरोघरी कुठल्या? वाडीत ही एकच हाय. तुमी निघालात की मागच्या वाटेनं आमी ती पुढच्या घरी पोचवायचो. पावण्याला भुईवर कसं बसवायचं?”

साहेब खुर्चीतून उठायला लागले.

“बसा निवांत,” कोंडाजी म्हणाला. “आज ती पुढं न्यायची न्हाई.”